आईचं विमान: अंतर आणि वेळ काढायच्या प्रोजेक्टच्या नोंदी

२४ मार्च २०२४, रविवार, होळी

ताईचं बाळंतपण मे मध्ये आहे, आई एप्रिलअखेर तिच्याकडे अमेरिकेला निघणार, पहिल्यांदाच एकटी. आज पुरणपोळी वाढता वाढता तिने विचारलं, "अरे, पण नक्की तास किती लागतात?" मी म्हटलं एकवीस-बावीस, बाबा म्हणाले सोळा, ताई फोनवर होती ती म्हणाली एकतीस धर. तीन माणसं, तीन आकडे, आणि तिघंही ठाम. आई म्हणाली तुम्ही आधी आपसात ठरवा मग मला सांगा.

जेवल्यावर नेटवर बघितलं तर तिथे अजून गोंधळ, मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को एका ठिकाणी १३,५११ किमी, दुसरीकडे १३,५२८, वेळ एकीकडे १५ तास तर दुसरीकडे १७. म्हटलं आपणच करू. पायथनमध्ये छोटा प्रोग्राम, दोन विमानतळांचे कोड टाकायचे, अंतर आणि वेळ बाहेर. दोन शनिवार-रविवारचं काम आहे. (असं आत्ता वाटतंय.)

२५ मार्च, सोमवार, धुळवड

सुट्टी. खाली सोसायटीत रंग चाललाय, मी वर विमानतळांची यादी उतरवतोय. अवरएअरपोर्ट्स नावाच्या साइटवर फाइल फुकट मिळते, जगातले हजारो विमानतळ, हेलिपॅडसुद्धा, प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश. हेलिपॅड आणि बंद पडलेल्या धावपट्ट्या गाळल्या. मला पाहिजेत तीनच खरं तर: मुंबई १९.०८८७ उत्तर, ७२.८६७९ पूर्व, सॅन फ्रान्सिस्को ३७.६१८९ उत्तर, १२२.३७५ पश्चिम, आणि दुबई २५.२५२८ उत्तर, ५५.३६४४ पूर्व, कारण तिकीट दुबईमार्गे काढलंय. मुंबईहून थेट विमान २०२२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं होतं पण आमच्या तारखांना ते परवडणारं नव्हतं.

३० मार्च, शनिवार

हॅवरसाइनचं सूत्र टाकलं. पृथ्वी गोल धरायची, त्रिज्या ६३७१ किमी, दोन बिंदूंमधला केंद्राशी होणारा कोन काढायचा आणि त्रिज्येने गुणायचं, एवढंच. पहिलं उत्तर आलं ५,१९४ किमी. बाबांना दाखवलं तर म्हणाले मग बरंय की, सात तासात पोचेल. अर्धा तास सूत्राकडे बघत बसलो, सूत्र बरोबर. शेवटी कळलं की पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायचं राहिलं होतं. म्हणजे मी आईला चीनमध्ये, वैहाईजवळच्या पिवळ्या समुद्रात उतरवलं होतं. कॅलिफोर्नियाचे आणि चीनच्या त्या किनाऱ्याचे अक्षांश जवळजवळ सारखे आहेत हे मात्र त्यामुळे समजलं.

उणे टाकल्यावर १३,५११. चला, नेटवरच्या एका आकड्याचा उगम सापडला.

३१ मार्च, रविवार

प्रोग्रामवर विश्वास बसेना म्हणून माळ्यावरून माझ्या शाळेतला पृथ्वीगोल काढला. व्यास ३० सेंमी, म्हणजे परीघ साधारण ९४ सेंमी, पृथ्वीचा परीघ ४०,००० किमी, तर १ सेंमीला ४२५ किमी. आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, एक टोक मुंबईवर दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, ताणला. दोरा जो काय सरकला तो थेट वर! मुंबईतून जवळजवळ उत्तरेलाच निघाला, मध्य आशिया, सैबेरिया, आर्क्टिक, आणि मग अलास्काच्या बाजूने खाली. आईच्या टेपने मोजला, ३२ ला किंचित कमी. ४२५ ने गुणलं तर साडेतेरा हजार. इतका आनंद मला पगारवाढीलाही झालेला नाही.

आई बघत होती. म्हणाली, "वरून कशाला वळसा घालतात, समोरून सरळ जा की." समोरून म्हणजे भिंतीवरच्या नकाशात दिसतं तसं, जपानवरून पॅसिफिक ओलांडून. मी दोरा तसा धरून दाखवला तर दोरा पुरेना. गणिताने काढलं तर नकाशावरच्या त्या सरळ रेषेने १६,१०० च्या वर होतात, अडीच हजार किमी जास्त. वळसा ती सरळ रेषाच घालते. भिंतीवरचा नकाशा वरच्या बाजूला ताणलेला असतो, त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं (खरं तर आफ्रिका चौदा पट मोठी), त्यामुळे वरून जाणारी वाट लांब भासते. आईने स्वतः दोरा धरून दोनदा बघितलं. तिचं समाधान झालं पण मग तिचा दुसरा प्रश्न आला, "तिथे वर विमानतळ आहेत का, काही झालं तर?" यावर नंतर लिहितो, आज तिला आहेत म्हणून सांगितलं. खोटं नाही सांगितलं, बघून घेतलं.

मुंबईतून निघतानाची दिशा प्रोग्रामने सांगितली ती उत्तरेपासून फक्त १४ अंश पूर्वेला. आणि वाटेतलं सर्वात वरचं ठिकाण ७६.६ अंश उत्तर. आपण अमेरिकेला जातो तेव्हा "पश्चिमेला" जातो म्हणतो, ती पश्चिम फक्त बोलण्यातली.

६ एप्रिल, शनिवार

१७ किमीच्या फरकाच्या मागे लागलो. पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्ताशी त्रिज्या ६३७८.१ आणि ध्रुवाशी ६३५६.८, म्हणजे वरून-खालून थोडी दाबलेली. ते धरून गणित करायला विन्सेंटी नावाच्या माणसाची १९७५ ची पद्धत आहे, ती बसवली. उत्तर १३,५२८. झालं, नेटवरचे दोन्ही आकडे बरोबर, एकाची पृथ्वी चेंडूसारखी आणि एकाची संत्र्यासारखी, एवढाच फरक. विमानाच्या वेगाने हा फरक सव्वा मिनिटाचा आहे. सव्वा मिनिटासाठी मी आख्खा शनिवार घालवला हे घरात कोणाला सांगितलेलं नाही.

(एक खोच: समोरासमोरचे बिंदू, म्हणजे पृथ्वीच्या आरपार दाभण घातल्यासारखे, दिले तर विन्सेंटीचं गणित फिरत राहतं, उत्तरच देत नाही. तिथे दुसरी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याचा तयार कोड, लावावी लागते. आपल्याला गरज नाही, पण एक टेस्ट लिहून ठेवली.)

७ एप्रिल, रविवार

आज दुबई मध्ये घातली. मुंबई-दुबई १,९२६, दुबई-सॅन फ्रान्सिस्को १३,०४०. बेरीज जवळपास १५ हजार, थेटपेक्षा चौदाशे किमी जास्त. पण खरी गंमत दुसऱ्या टप्प्यात. दुबईचे रेखांश ५५ पूर्व, तिकडचे १२२ पश्चिम, बेरीज १७७.७ अंश, म्हणजे दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ बरोब्बर विरुद्ध बाजूच्या रेखांशांवर आहेत. अशा दोन ठिकाणांमधली सर्वात जवळची वाट कुठून जाते? ध्रुवावरून. प्रोग्राम म्हणतो सर्वात वरचं ठिकाण ८८.२ अंश. उत्तर ध्रुव तिथून २०० किमी, म्हणजे पुणे ते नाशिक.

आई उत्तर ध्रुवाच्या शेजारून जाणार आहे हे मी स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केलं. ती म्हणाली, "मग स्वेटर हातातल्या बॅगेत ठेवते."

तिच्या परवाच्या प्रश्नाचं उत्तर थोडं वाचलं. ७८ अंशांच्या वर गेलं की अमेरिकन नियमांप्रमाणे तो ध्रुवीय प्रदेश, तिथून जायचं तर विमान कंपनीला आधी उतरण्यासाठीचे पर्यायी विमानतळ ठरवून ठेवावे लागतात, इंधन किती गार होतंय ते बघत राहावं लागतं. विमानाचं नेहमीचं इंधन, जेट ए-१, उणे ४७ ला गोठायला लागतं, आणि बाहेरची हवा उणे साठलाही जाते. इंधन फार गार झालं तर थोडं खाली उतरायचं किंवा वेग वाढवायचा, वेगाने पंख तापतात. शिवाय संपर्काचे बरेचसे उपग्रह विषुववृत्तावर टांगलेले असल्यामुळे ८२ अंशांच्या वर ते क्षितिजाखाली जातात आणि जुन्या पद्धतीच्या रेडिओवर बोलावं लागतं. यातलं आईला फक्त पहिलं वाक्य सांगितलं.

८ एप्रिल, सोमवार, रात्री

ऑफिसनंतर वेळेचं गणित. अंतर ही सोपी गोष्ट होती हो, ते हलत नाही.

मोठी विमानं आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पटीने जातात. वर उणे ५६ तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला २९५ मीटर, म्हणजे विमानाचा वेग तासाला साधारण ९०३ किमी. १३,०४० भागिले ९०३, १४ तास २६ मिनिटं. चढण्या-उतरण्यात वेग कमी असतो त्याचे वर ३० मिनिटं धरले, १४:५६. तिकिटावर आहे १५:४५. पाऊण तास कुठे गेला?

तर तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नाहीच. दारं लावून विमान जागचं हलतं तिथपासून पलीकडे जागेवर उभं राहीपर्यंत, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत सरपटणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर परत सरपटणं, सगळं त्यात. वर कंपन्या थोडी उशी ठेवतात म्हणजे उशिरा सुटूनही वेळेवर पोचल्यासारखं होतं. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर मुहूर्त ११:४० चा छापतात आणि अक्षता बाराला पडतात, त्याच्या उलट समजा.

मग वारा. तीसेक ते साठ अक्षांशांच्या पट्ट्यात वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट वारे वाहतात, हिवाळ्यात जास्त. २०२० च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कहून लंडनला एक जंबो ४ तास ५६ मिनिटात पोचलं होतं, जमिनीच्या हिशोबाने ताशी तेराशेच्या वर वेग, विमान तेवढंच पळत होतं, खालची हवाच पळत होती. उलट यायला तेच अंतर सात-साडेसात तास. म्हणून "अ ते ब किती तास" असा एकच आकडा देणाऱ्या साइट मला आता फसव्या वाटायला लागल्यात, निदान जाताना-येताना वेगळा द्या. आईच्या वाटेला मात्र हे वारे आडवे येतात, वाट उत्तर-दक्षिण आहे ना, त्यामुळे जाण्यायेण्यात फार फरक पडू नये. प्रोग्राममध्ये वाऱ्यासाठी फक्त वरखाली वीस मिनिटांचा अंदाज टाकलाय. खरा वारा टाकायचा तर हवामानखात्याच्या फायली वाचाव्या लागतील, तेवढा जीव नाही.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला, आईने नवीन पंचांगाची पूजा केली, शके १९४६, आणि सवयीने पानं चाळली. आणि थांबली. "अरे, २७ तारखेला संकष्टी आहे."

मला आधी कळेना की मग काय. ती गेली तीसेक वर्षं संकष्टी करते, चंद्र बघून उपास सोडते. २७ ला पहाटे ४:२५ ला मुंबईतून निघणार, त्याच २७ ला दुपारी १:०५ ला तिकडे उतरणार. "मग चंद्र कुठला धरायचा?"

नेटवर कुठल्याही अंतराच्या साइटवर हे लिहिलेलं नाही. टू-डू मध्ये टाकलं.

१४ एप्रिल, रविवार

काल रात्री इराणने इस्राएलवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली, जॉर्डन, इराक, लेबनॉनने आपलं आकाश बंद केलं. सकाळपासून विमानांचा लाइव्ह नकाशा बघतोय, त्या भागात भोक पडल्यासारखं रिकामं आणि कडेने विमानांच्या मुंग्या. काही तासांनी उघडलं. पण माझा दोरा दुबईतून निघून सरळ इराणवरूनच वर जातो. आजवर पृथ्वीगोलावर देशांच्या सीमा मी फक्त रंग म्हणून बघत होतो.

प्रोग्राममध्ये "टाळायचे प्रदेश" अशी सोय घालायला बसलो. बहुभुज टाकायचा आणि वाट त्याला वळसा घालून काढायची. संध्याकाळपर्यंत झालं नाही. २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या बहुतेक कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, आखाती आणि आपल्या कंपन्या जातात, म्हणजे तीच दोन शहरं, तेच अंतर, पण विमानाच्या शेपटीवर झेंडा कुठला त्यावर तास ठरतात. हे कुठल्या सूत्रात बसवू.

१७ एप्रिल, बुधवार, रामनवमी

आता दुबईला पूर! काल तिकडे १९४९ पासून नोंदी ठेवतात तेव्हापासूनचा सगळ्यात मोठा पाऊस झाला, विमानतळावर पाण्यातून विमानं होडीसारखी जाताना दिसतायत, येणारी विमानं दुसरीकडे वळवली. बाबा म्हणाले वाळवंटात पूर आणि मराठवाड्यात टँकर. ताईचे सकाळपासून चार फोन. दहा दिवस आहेत अजून, पण अडकलेल्या माणसांची रांग ओसरायला किती दिवस लागतील ते कोणी सांगू शकत नाही.

आई शांत आहे. डिंक तळतेय.

१९ एप्रिल, शुक्रवार

सकाळी इस्फहानजवळ स्फोट, इराणचं आकाश पुन्हा काही तास बंद, दुबईची काही विमानं अर्ध्यातून वळली. मी ऑफिसात कामाच्या टॅबशेजारी हा नकाशा उघडून बसलोय. वळशाचं गणित काल रात्री कसंबसं चालायला लागलंय: इराण पूर्ण टाळून, ओमानच्या बाजूने पाकिस्तान-अफगाणिस्तानकडून वर काढलं तर काही शे किमी वाढतात, तास बदलतो तो अर्धा-पाऊणच. एवढ्या लांबच्या प्रवासात सुरुवातीचा वळसा फार भारी पडत नाही, हे बघून जरा जीव खाली पडला. पण इंधन आधी भरलेलं असतं, अर्ध्यातून वाट बदलली तर ते पुरलं पाहिजे, तो प्रश्न माझ्या लॅपटॉपच्या बाहेरचा.

२१ एप्रिल, रविवार

विमान सोडून बाकीचा प्रवास लिहून काढला कारण ताईच्या एकतीसचं मला कोडं होतं. पुण्यातून २६ ला रात्री ९ ला कॅब, एक्सप्रेसवे आणि घाटातले ट्रक धरून १ पर्यंत विमानतळ. ४:२५ ला विमान. ३ तास ५ मिनिटांनी दुबई, तिथले ६. २ तास २० मिनिटांचा थांबा, ८:२० ला पुढचं. १५:४५ नंतर सॅन फ्रान्सिस्को, दुपारी १:०५, आपल्याकडे तेव्हा २८ तारखेची रात्र १:३५. मग इमिग्रेशनची रांग, सामान, आणि खाडीवरचा पूल ओलांडून फ्रीमॉन्ट. ताईच्या घराच्या बेलपर्यंत ३१ तास धरायला हरकत नाही.

मग लक्षात आलं की होळीला आम्ही तिघंही बरोबर होतो. बाबांचे सोळा म्हणजे मोठं विमान, माझे एकवीस म्हणजे मुंबईचं विमानतळ ते तिकडचं, ताईचे एकतीस म्हणजे आमच्या दारापासून तिच्या दारापर्यंत. आईला कुठला हवा होता ते कोणीच विचारलं नव्हतं. आज विचारलं. तर म्हणाली, "मला फक्त किती वेळ बसून राहावं लागेल ते पाहिजे होतं, गुडघ्यासाठी." म्हणजे चौथाच आकडा. व्हीलचेअर सांगून ठेवलीय, आणि सीट कडेची.

सामान २३-२३ चे दोन डाग. वजनकाट्यावर पहिला डाग २६.४ भरला, डिंकाचे लाडू की मेतकूट यावर माय-लेकींची फोनवर बैठक चालू आहे. आईला दुसरं दुःख मतदान बुडतंय याचं, पुण्याचं १३ मे ला आहे.

२४ एप्रिल, बुधवार

आजचा दिवस चतुर्थीला. कालच हनुमान जयंती झाली, पौर्णिमा होऊन गेली, म्हणजे चंद्र आता उशिरा उशिरा उगवत जाणार.

तिथी म्हणजे काय तर सूर्य आणि चंद्र यांच्यातला कोन, दर १२ अंशाला एक तिथी. हा कोन आकाशातला, त्याला पुणं माहीत नाही आणि फ्रीमॉन्टही नाही, तिथी सगळ्या जगात एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते, बदलतं ते फक्त भिंतीवरचं घड्याळ. पंचांगाप्रमाणे चतुर्थी आपल्या २७ ला सकाळी सव्वाआठला लागते आणि २८ ला सकाळी आठ-वीसच्या सुमारास संपते. मी स्कायफील्ड ही ग्रहगणिताची लायब्ररी लावून ताडून बघितलं, मिनिटांचा फरक सोडता जुळलं.

आता हे तिकडच्या घड्याळात घाला. वेळेचा फरक साडेबारा तास. तिकडे चतुर्थी लागते २६ ला संध्याकाळी पावणेआठला आणि संपते २७ ला संध्याकाळी सात-पन्नासला. चंद्र तिकडे २६ ला रात्री ११ च्या आसपास उगवतो, म्हणजे तिकडची संकष्टी २६ ला. आई २७ ला दुपारी उतरेल तेव्हा तिकडे ती आदल्या दिवशीच झालेली असेल. आणि २७ चा चंद्र तिकडे मध्यरात्रीच्या सुमारास, तोपर्यंत पंचमी.

मग म्हटलं विमानातून दिसतो का बघू. नाही. चंद्र त्या दिवशी दक्षिणेला खूप खाली आहे, वृश्चिकात ज्येष्ठेच्या आसपास, विमान जसं वर जाईल तसा तो क्षितिजाखाली जाईल, ध्रुवाजवळ तर तो उगवतच नाही. उलट सूर्य! एप्रिलच्या शेवटी उत्तर ध्रुवावर सूर्य मावळत नाही. दुबईत पावणेसहाला उगवेल तो वाटेत कुठेही मावळणार नाही, थेट सॅन फ्रान्सिस्कोत संध्याकाळी आठच्या आत-बाहेर मावळेल. जोडून धरलं तर २५ तासांचा एकच दिवस. आणि चतुर्थी त्या दिवसाच्या आत लागते आणि आतच संपते, संपताना सूर्य मावळायला जेमतेम पाच-सात मिनिटं राहिलेली.

म्हणजे आईला या वेळी रात्रच नसलेली संकष्टी आली आहे. हे मी तीनदा तपासलं.

तिला सांगितलं तर थोडा वेळ गप्प बसली, मग गुरुजींना फोन केला. गुरुजी म्हणाले प्रवासात सूट असते, मनात असलं की झालं. आईला सूट नको होती, तिला वेळ हवी होती. शेवटी तिचं तिने ठरवलं: निघताना गणपतीला सांगून निघायचं, वाटेत राजगिऱ्याचे लाडू आणि केळी, इथला चंद्र उगवून जरा वर येईल तेव्हा, आपल्या घड्याळात साडेदहाला, बाबांनी गॅलरीतून बघून घ्यायचा आणि तिच्या वतीने नमस्कार करायचा. त्या क्षणी तिने उपास सोडायचा. बाबा हो म्हणाले. मी हिशोब केला, आपले साडेदहा म्हणजे दुबईहून निघून साधारण १२ तास ४० मिनिटं, आई तेव्हा कॅनडावर कुठेतरी असेल. तिचं घड्याळ बदलायचं नाही असं बजावून ठेवलं.

२७ एप्रिल, शनिवार

पहाटे ५ ला मुंबईहून परत निघालो, आठला घरी. झोपलो नाही.

दुबईहून ८:४१ ला विमान जागचं हललं, २१ मिनिटं उशिरा. ९:०२ ला उडालं. डबलडेकर ए३८०. इराणवरून गेलं, काही अडथळा नाही, कॅस्पियन, रशिया. दुपारी आपल्याकडे चार-साडेचारनंतर नकाशावर तुटक रेषा सुरू झाली, तिथे वर जमिनीवरचे रिसीव्हर नाहीत म्हणून साइट फक्त अंदाजाने विमान पुढे सरकवत राहते. मला माहीत होतं हे, चार वेळा वाचलं होतं, तरी ती तुटक रेषा काही बघवत नव्हती. बाबा दर अर्ध्या तासाने विचारत होते "आलं का?" आणि मी वैतागून म्हणत होतो की बाबा ते गेलेलंच नाहीये कुठे.

रात्री कॅनडाच्या वरच्या बेटांजवळ ठिपका परत भरीव झाला.

१०:३० ला बाबा गॅलरीत. समोरच्या बिल्डिंगच्या टाकीमागे चंद्र होता, तो वर यायला अजून पंधरा मिनिटं गेली. बाबांनी नमस्कार केला आणि मला म्हणाले, "तिला कळवायचं कसं?" कळवायची सोय नव्हतीच, तिने साडेदहालाच सोडला असणार. पंधरा मिनिटांचा फरक आम्ही वहीत लिहून ठेवलाय.

२८ एप्रिल, रविवार, पहाटे आणि मग दुपारी

तिकडच्या १२:५४ ला टेकलं, १:०३ ला जागेवर उभं. नोंदी:

हवेत १४ तास ५२ मिनिटं. माझा अंदाज १४:५६. जागेपासून जागेपर्यंत १५:२२, तिकीट म्हणत होतं १५:४५. निघायला २१ मिनिटं उशीर, पोचायला २ मिनिटं लवकर, लग्नपत्रिकेची उशी कामाला आली. चार मिनिटांच्या चुकीवर छाती फुगवून घेण्यात अर्थ नाही, कारण विमान माझ्या दोऱ्यावरून गेलेलंच नाही, बरंच इकडेतिकडे झालंय, कुठेतरी पाठीवर वारा मिळाला असणार, दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं. अजून पाचपंचवीस उड्डाणं तपासल्याशिवाय चढण्या-उतरण्याच्या तीस मिनिटांच्या आकड्याला हात लावत नाही. प्रोग्राम आता एका आकड्याऐवजी तीन दाखवतो: हवेत, जागेपासून जागेपर्यंत, दारापासून दारापर्यंत. चौथा रकाना "सलग बसून" असा टाकलाय, रिकामा आहे.

ताईच्या घरी बेल वाजली ती ३:२० ला, म्हणजे पुण्याच्या दारातून निघून ३० तास ५० मिनिटं. ताई जिंकली.

दुपारी आईचा फोन आला. गुडघे ठीक, खिडकीतून बर्फच बर्फ, स्वेटर लागला नाही. हवाईसुंदरीने जेवण आणलं तेव्हा हिने केळं दाखवलं, शेजारची केरळची बाई निघाली नर्स, तिने विचारलं उपास का, मग हिने तिला चतुर्थीची सगळी गोष्ट सांगितली म्हणे, माझ्या २५ तासांच्या दिवसासकट. उपास बरोबर साडेदहाला सोडला. मी पंधरा मिनिटांचं सांगितलं. "चालतं," म्हणाली, "तिकडे तुमची टाकी मध्ये होती, त्याला मी काय करू."

११ मे, शनिवार

बाळ आलं ६ तारखेला, मुलगी, दोघी बऱ्या. काल रात्रीपासून सूर्यावरचं मोठं वादळ पृथ्वीवर आदळलंय, २००३ नंतरचं सर्वात जोरदार, लडाखमध्ये हानलेहून लाल आकाश टिपलंय. अशा वेळी ध्रुवावरून जाणाऱ्या विमानांचा रेडिओ बंद पडू शकतो आणि किरणोत्सर्गही वाढतो म्हणून ती खालच्या वाटेने नेतात. प्रोग्राममध्ये "टाळायचे प्रदेश" मध्ये देश होते, आता आख्खा ध्रुव टाकून बघितला: ७८ अंशांच्या वर जायचं नाही असं म्हटलं तर दुबई-सॅन फ्रान्सिस्को किती वाढतं ते काढतोय. वळशाचं गणित ध्रुवाजवळ परत तुटतंय, सगळे रेखांश तिथे एकत्र येतात, ते आधी दुरुस्त करायला पाहिजे.

परतीचं तिकीट ऑक्टोबरचं बघायचंय. आईने तिकडून पंचांग बघून कळवलंय, २० तारीख सोडून कुठलीही.